अकरावी पदवी

टाकीबाईच्या दुकानात आधी शिंक येते, मग बाई दिसते. दगडाची पूड तिथे भाडेकरूसारखी राहते: खिडकीच्या गजांवर, कॅलेंडरवर, पाण्याच्या पिंपावर, बाईच्या भुवयांवर. ह्याच पुडीने तिच्या नवऱ्याची फुप्फुसं भरली आणि तो चाळिशीतच गेला. जाताना बायकोच्या हातात टाकी दिली आणि हातोडा दिला, बाकी द्यायला काही नव्हतंच. टाकी म्हणजे अक्षर कोरायची पोलादी कांडी, पेन्सिलीएवढी. ती बावीस वर्षं हातात धरून धरून बाईचं नावच टाकीबाई पडलं. खरं नाव वीजबिलावर उरलं.

शाळा तिची चौथीपर्यंत. पण शब्द जितक्या जवळून कोरणाऱ्याला दिसतो तितका वाचणाऱ्याला कधी दिसत नाही. वाचणारा डोळ्यांनी सरकून जातो. कोरणाऱ्याच्या नाकासमोर एकेक अक्षर तासभर बसून असतं.

दुकानाचा एक नियम नवऱ्याचा होता. दगडावर आधी पांढऱ्या रंगाने कच्चा लेख काढायचा. मग गिऱ्हाइकाने दगडासमोर उभं राहून, अक्षराखाली बोट ठेवून, तो मोठ्याने वाचायचा आणि वहीत सही करायची. सही झाली की दगड मुका झाला, मग कुणाची तक्रार चालत नाही. कारण कोरलेला शब्द पुसता येत नाही. एक अक्षर काढायचं तर अख्ख्या दगडाचा चेहरा अर्धं बोट तासून खाली घ्यावा लागतो, आणि त्याबरोबर सगळंच जातं.

दुसरा नियम तिचा स्वतःचा. नवरा गेल्यावर तिने पहिलीच पाटी कोरली ती एका डीकनच्या थडग्याची. डीकनची बायको पाटी न्यायला आली, ‘डीकन’ ह्या शब्दावर हात फिरवत राहिली आणि तिने विचारलं, “ह्याचा अर्थ काय हो? जन्मभर ह्यांना लोक म्हणायचे, मी कधी विचारलं नाही.”

टाकीबाई म्हणाली, “मला नाही माहीत.”

“मग कोरलंत कसं?”

म्हातारीने साधं विचारलं होतं, पण टाकीबाईला कानाखाली बसल्यासारखं झालं. तिने डीकनच्या वरच्या साहेबांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, मोठं पद असतं ते. ह्या उत्तराची तिला तेव्हा जी शिसारी आली ती आजतागायत गेलेली नाही. ती तशीच पुडीने माखलेली वाचनालयात गेली. ग्रंथपालाने नाक मुरडलं, पण जाडजूड कोश काढून दिला. डीकन म्हणजे मूळचा नोकर. पानात वाढणारा, निरोप पोचवणारा. तिने म्हातारीला जाऊन सांगितलं. म्हातारी हसत सुटली आणि हसता हसता रडायला लागली. “खरं आहे गं बाई. मला कधी वाढू दिलं नाही त्यांनी. आधी मला वाढायचे, मग स्वतः घ्यायचे.”

त्या दिवसापासून ज्या शब्दाचा अर्थ कळत नाही तो टाकीबाई कोरत नाही.

तिच्याकडे एक वही आहे, कोपरे कुरतडलेली. गावात जितके देव तितके त्यांचे कारभारी, आणि मेल्यावर सगळे शेवटी टाकीबाईच्याच दारात. त्यामुळे वहीत सगळे आहेत. बिशप म्हणजे देखरेख करणारा, म्हणजे आपला मुकादम. पोप म्हणजे बाबा, लेकरू हाक मारतं तसा. कार्डिनल हा शब्द बिजागरीवरून निघाला, ज्याच्यावर दार फिरतं ती. इमाम म्हणजे पुढे उभा राहणारा. फकीर म्हणजे ज्याच्याजवळ काही नाही तो. भिक्षू म्हणजे मागून खाणारा. शेख म्हणजे म्हातारा माणूस. पुरोहित म्हणजे पुढे ठेवलेला. गुरू म्हणजे जड.

“बघा,” ती ग्रंथपालाला म्हणाली होती, “नोकर, मुकादम, म्हातारा, भिकारी, बिजागरी. सगळे शब्द कष्टाचे होते हो. मग ह्यांनी त्यांना अत्तर लावलं आणि गादीवर बसवलं.”

ग्रंथपाल म्हणाला, “बाई, हळू बोला.”

“मी दगडाशी बोलते दिवसभर. मला हळू येत नाही.”

अशा ह्या बाईकडे मठाचा चिटणीस अत्तर लावून, कागद घेऊन आला.

मठ गावाच्या वरच्या अंगाला, पांढऱ्या भिंतींचा. त्याच्या प्रमुखाला सगळे ‘थोरले’ म्हणतात. मठाने जुना दवाखाना पाडून तिथे नवा रुग्णनिवास बांधला होता आणि त्याच्या दर्शनी भिंतीत थोरल्यांच्या नावाचा काळा दगड बसायचा होता. कागदालाही अत्तराचा वास येत होता. टाकीबाईने तो दोन बोटांत धरला, मेलेला उंदीर शेपटीला धरावा तसा.

नावाआधी अकरा पदव्या होत्या.

“परमपूज्य, महाराज, स्वामी…” ती वाचत गेली. “चिटणीस, स्वामी म्हणजे काय?”

“स्वामी म्हणजे… स्वामी.”

“धनी. मालक. आणि महाराज म्हणजे मोठा राजा. आणि खाली मठाधिपती, म्हणजे मठाचा धनी. एकाच माणसाला दोनदा मालक आणि एकदा राजा. भाडं कोण भरतं मग?”

“बाई, तुम्हाला कोरायला बोलावलंय.”

“बोलावलं नाही, तुम्ही आलात. जगद्गुरू. जगाने अर्ज केला होता? आणि हे ज्ञानमार्तंड?”

“ज्ञानाचा सूर्य,” चिटणीस खुलला. हे त्याला येत होतं.

“मार्तंड म्हणजे सूर्य, बरोबर. पण तो शब्द आला मेलेल्या अंड्यावरून. मेलंय असं वाटलेल्या अंड्यातून निघाला, म्हणून मार्तंड. वही दाखवू?”

चिटणीसाने वही पाहिली नाही. त्याचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं झालं होतं. टाकीबाई मात्र खाली, शेवटच्या पदवीपाशी थांबली. अकरावी पदवी होती ‘रुग्णसेवेकरी’.

ती ताठ झाली.

“हे कुणाचं?”

“थोरल्यांचंच. नव्याने लावलंय. इमारत रुग्णांची म्हणून.”

“आणि खाली नावं यायची होती ती? पंचवीस वर्षांहून जास्त ज्यांनी दवाखान्यात हाडं झिजवली त्यांची?”

“ते रद्द झालं,” चिटणीस म्हणाला. “दगडावर गर्दी होते.”

दुकानाच्या मागच्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला. चिटणीसाने तिकडे पाहिलं आणि लगेच घड्याळाकडे पाहिलं. आत कोण आहे ते त्याला चांगलं ठाऊक होतं. त्यानेच तिला रिक्षात बसवून पाठवलं होतं.

आत ताई होती. टाकीबाईची नणंद.

लग्न न करता बाविसाव्या वर्षी ताई मठात गेली. देव हवा म्हणून गेली, मिळाला दवाखाना. एकतीस वर्षं तिने तिथे लोकांची ओकारी पुसली, भांडी धरली, जखमा धुतल्या, मेलेल्यांचे डोळे मिटले. पदवी नाही, खुर्ची नाही. पेशंट नुसतं ‘ताई’ म्हणायचे आणि मठातले ‘अगं ए’. मग मागच्या हिवाळ्यात तिचे पाय गेले. जिने एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या कुशी बदलल्या तिची कूस बदलायला मठात एक माणूस निघाला नाही. जुना दवाखाना पडला तेव्हा तिची खाटही हलली: आधी कोठीच्या खोलीत, मग जिन्याखाली, मग रिक्षात. सोबत एक बोचकं.

टाकीबाईने तिला उतरवून घेतलं तेव्हा चादर पाठीला चिकटलेली होती. कोमट पाण्याने भिजवून भिजवून ती सोडवायला अर्धी सकाळ गेली. खाली बशीएवढी जखम, कडा काळ्या पडलेल्या. आणि तिच्यावर कुणीतरी अत्तर शिंपडलेलं. औषध नव्हे, अत्तर. येणाऱ्याजाणाऱ्याला वास येऊ नये म्हणून. टाकीबाई मागच्या मोरीत जाऊन ओकली, चूळ भरली आणि परत येऊन जखम धुवायला बसली.

डॉक्टर म्हणाले होते, फार तर महिना.

ताईने काही मागितलं नाही, तिला सवयच नव्हती. फक्त एकदा म्हणाली, “अगं, थोरल्यांनी शब्द दिलाय. भिंतीवर नाव येणारे माझं, खाली, शेवटी. लागलं की सांगशील? एकतीस वर्षं तिथल्या भिंती पुसल्या मी.” आणि मग रोज एकच प्रश्न. लागलं का?

चिटणीस गेल्यावर टाकीबाईने हात धुतले, पदर झटकला आणि ती मठात गेली.

थोरले व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर बसले होते. पाय तांब्याच्या घंगाळात, पाण्यात गुलाबपाकळ्या. एक पाय शिष्याच्या मांडीवर आणि शिष्य त्याची नखं कापत होता. कापलेलं एकेक नख तो कागदाच्या पुडीत ठेवत होता, पुडीवर तारीख घालत होता. ते कशासाठी हे टाकीबाईने विचारलं नाही. उत्तर ऐकलं असतं तर तिला दुसऱ्यांदा ओकावं लागलं असतं.

“बसा,” थोरले म्हणाले. आवाज मऊ, लोण्यासारखा. “ताई कशी आहे? आमची लेकच ती. रोज तिच्यासाठी प्रार्थना होते.”

“प्रार्थनेने कूस बदलत नाही,” टाकीबाई म्हणाली. ती बसली नाही. “त्याला माणूस लागतं, दर दोन तासांनी. ते असो. तिचं नाव दगडावर घ्या. तुम्ही शब्द दिला होता.”

“दिला होता,” थोरले हसले. “मग मी विचार केला. नाव म्हणजे मोह. तिला इथे आपण काय शिकवलं? मी-पण सोडायला. आणि आता शेवटच्या पायरीवर तिला पुन्हा त्याच चिखलात ढकलू? तिच्या भल्यासाठीच नाव काढलं.”

“आणि तुमची अकरा?”

शिष्याची कात्री थांबली.

“त्या माझ्या नाहीत हो. गादीच्या आहेत. मी नुसता वाहून नेतो.”

“वाहून नेणाऱ्याला हमाल म्हणतात. शब्द प्रामाणिक आहे, हवा तर बारावा कोरते.” ती एक पाऊल पुढे गेली. “दहा पदव्यांचं मला काही पडलेलं नाही. जगाचे गुरू आहात का ते जगाला विचारा, राजे असाल तर राज्य दाखवा. मला त्यातलं खरंखोटं ठाऊक नाही. पण अकरावीची साक्षीदार मी आहे. तुम्ही आयुष्यात एका रोग्याच्या अंगाला हात लावलाय?”

थोरल्यांनी दुसरा पाय शिष्याच्या मांडीवर ठेवला. “दगड शुक्रवारपर्यंत हवा,” ते म्हणाले. “नाहीतर चिटणीस दुसरा कारागीर बघतील.”

परत येताना ती रस्ताभर थुंकत होती. तोंडात अत्तर गेल्यासारखं वाटत होतं.

दुसरा कारागीर म्हणजे यंत्रवाला, ताईचं नाव त्याच्या गावीही नाही. दगड हातातून गेला की नाव गेलं. म्हणून तिने काम घेतलं. दगड आडवा टाकला, पुसला, रेघा आखल्या आणि पांढऱ्या रंगाने कच्चा लेख काढला. परमपूज्यपासून ज्ञानमार्तंडापर्यंत आणि त्यापुढच्याही, दहा पदव्या जशाच्या तशा, ऐटदार वळणात. त्यांच्याखाली थोरल्यांचं नाव, त्यांना आवडतं तसं ठसठशीत. आणि त्याखाली, त्याच मापाच्या अक्षरांत, एकच ओळ: ‘रुग्णसेवेकरी’ आणि पुढे ताईचं नाव.

काही झाकलं नाही, काही बारीक केलं नाही. मान वळवून पाहिलं असतं तर लहान पोरालाही दिसलं असतं.

चिटणीस वाचायला आला तो फोन कानाला लावून. मांडववाला पलीकडून काहीतरी विचारत होता. टाकीबाईने दगड उभा करून ठेवला होता.

“वाचा,” ती म्हणाली. “बोट ठेवून, मोठ्याने.”

चिटणीसाने फोनवर हात धरला, डोळे अर्धवट मिटले आणि सुरू केलं. परमपूज्य, महाराज, स्वामी… एका सुरात, एका दमात, अकराच्या अकरा, आणि शेवटी नाव. तोंड दाराकडे.

“दगड इकडे आहे,” टाकीबाई म्हणाली.

“बाई, सकाळ-संध्याकाळ म्हणतो मी हे. सतरा वर्षं. झोपेतून उठवलं तरी म्हणेन.”

“ते दिसतंच आहे. पण बघून वाचा. नंतर पुसता येणार नाही.”

“अहो, तोंडपाठ असताना बघायचं कशाला?”

“तिसऱ्यांदा सांगते. दगडाकडे बघा.”

त्याने बघितलं. म्हणजे पांढऱ्या अक्षरांचा ढीग बघितला, भाजीवाल्याने टोपली बघावी तसा. “सुंदर,” तो म्हणाला आणि ‘वाचले, बरोबर आहे’ ह्याखाली सही ठोकून, फोन पुन्हा कानाला लावून निघून गेला.

टाकीबाई चार दिवस कोरत बसली. पहिल्या दहांवर तिने हात राखला नाही, कारण काम ते काम. शेवटच्या ओळीला तिने नवऱ्याची जुनी टाकी काढली, जी एरवी ती वापरत नाही. झाल्यावर त्या ओळीवर पातळ कागद धरला, वरून कोळसा घासला. कागदावर अक्षरं पांढरी उमटली. कागद तिने घडी न घालता फळीवर ठेवून दिला.

शुक्रवारी पडदा सरला, टाळ्या पडल्या. चिटणीसाने लाउडस्पीकरवर अकरा पदव्या म्हटल्या, पुन्हा डोळे मिटून. पाहुण्यांनी माना डोलावल्या. थोरल्यांनी हात जोडले. मागे कुबडीवाला एक म्हातारा होता, ताईच्या हातून बरा होऊन गेलेला. तो गर्दी सरल्यावर दगडाजवळ गेला. त्याला वाचायला वेळ लागतो, म्हणून तो बोट ठेवून वाचतो. शेवटच्या ओळीशी त्याचं बोट थांबलं.

“अरे, ही आपली ताई,” तो मोठ्याने म्हणाला. “हिला सेवेकरी म्हटलंय. बरं झालं बाबा, कुणीतरी खरं लिहिलं.”

मग सगळ्यांनी पहिल्यांदा दगड वाचला. थोरल्यांनीही.

शनिवारी सकाळी चिटणीस दुकानात आला तो आज अत्तराशिवाय. नुसता घामाचा वास.

“काढा ती ओळ.”

“निघत नाही.”

“घासा.”

“घासते. अख्खा चेहरा अर्धं बोट खाली घ्यावा लागेल. तुमचे दहाही जातील, नावही जाईल. मग कोरा दगड लावा. त्याच्यावर काही खोटं नसेल.”

“तेवढाच भाग खरवडा मग.”

“खड्डा पडेल. आणि खड्डा दिसला की लोक विचारतील इथे काय होतं. तो कुबडीवाला सांगेल.” तिने वही उघडून त्याच्यासमोर सरकवली. “ही सही कुणाची?”

चिटणीस सहीकडे बघत राहिला. सतरा वर्षांत पहिल्यांदा त्याने काहीतरी नीट वाचलं असावं. “माझी नोकरी जाईल, बाई,” तो म्हणाला.

टाकीबाईला त्याची दया आली आणि त्या दयेचाही राग आला. “डीकन म्हणजे नोकर,” ती म्हणाली. “चांगला शब्द आहे. नोकरी दुसरीकडे मिळेल.”

दुपारी बातमी आली. मठाने दगडासमोर चपलांची मांडणी आणून ठेवली होती, बरोबर शेवटच्या ओळीच्या उंचीची. तेवढ्याने त्यांचं समाधान झालं. लोकांच्या घाणेरड्या चपला ताईच्या नावाला टेकल्या तरी चालतील, नाव दिसता कामा नये.

ते ऐकून टाकीबाईने हातातला हातोडा खाली ठेवला. तिने फळीवरचा कागद घेतला आणि ती आत गेली.

ताईचा चेहरा मूठभर झाला होता. “लागलं का?”

“लागलं, ताई.” टाकीबाईने कागद तिच्यासमोर धरला. मांडणीचं ती बोलली नाही.

ताईने कागद पाहिला नाही. आधी म्हणाली, “थोरल्यांचं नाव नीट आलंय ना? त्यांना ठसठशीत लागतं.”

टाकीबाईने ओठ चावले. एकतीस वर्षं. जखम बशीएवढी. आणि काळजी कुणाची, तर त्या गुलाबपाकळ्यांतल्या पायांची. तिला वाटलं, आत्ता उठावं आणि सगळ्या जगाच्या पदव्या मोरीत ओतून याव्यात.

“आलंय,” ती म्हणाली. “ठसठशीत.”

मग ताईने बोट उचललं. बोटाला नख उरलं नव्हतं. कागदावर ते हळूहळू सरकलं, नावावर थांबलं, पुन्हा मागे आलं.

“माझ्याआधी हे काय लिहिलंय?”

“तुमची पदवी.”

ताईने ती वाचली. एकदा, दोनदा. तिच्या डोळ्यांत भीती आली, चोरी पकडली जाताना येते तशी. “अगं, ही त्यांची आहे. मी ऐकलीय. राग येईल त्यांना. पुसून टाक.”

टाकीबाई खाटेवर बसली. दोन तास झाले होते. तिने एक हात ताईच्या पाठीखाली घातला, एक गुडघ्यांखाली, आणि जखमेला धक्का न लागता तिची कूस बदलली.

“ताई,” ती म्हणाली, “दगडातलं पुसता येत नाही.”